एकही पान अख्खं नाही

कोथरूडच्या त्या जुन्या इमारतीला पुनर्विकासाची नोटीस लागली, तेव्हा तळमजल्यावरच्या किराणावाल्याने दुसरा गाळा बघितला, वरच्या क्लासवाल्यांनी मुलांना नवा पत्ता कळवला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ‘सोबत’ केंद्रात दीपाली कपाटं उघडून नुसती उभी राहिली. कपाटं फायलींनी खच्चून भरलेली होती. नवरा मारतो, सासरी जाच होतो, दीर अंगचटीला येतो, अशा तक्रारी घेऊन आलेल्या बायकांशी या केंद्रातल्या समुपदेशक वर्षानुवर्षं बोलत आल्या होत्या. जे कुणालाच सांगता येत नाही ते त्या बायकांनी इथे सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या नावागावासकट इथे लिहिलेलं होतं.

केंद्राची व्यवस्था गेली काही वर्षं दीपालीच बघत होती. नवी जागा म्हणजे एक खोली आणि एक गॅलरी. तिथे एवढं सामान मावणं शक्य नव्हतं.

ट्रस्टचे अध्यक्ष अभय सर बँकेतून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण जिभेला धार. ते म्हणाले, “दीपालीताई, यावर एवढा विचार कसला करायचा? रद्दीवाला नावाची संस्था पुण्यात अजून शिल्लक आहे.”

“सर, यातलं एक पान जरी भलत्याच्या हाती लागलं तर एखादीचा संसार मोडेल.”

“मग जाळून टाका.”

“उघड्यावर जाळलं की महापालिका दंड करते. शिवाय अर्धवट जळलेली पानं वाऱ्यावर उडून शेजारच्या सोसायटीत पडतात.”

“तुमच्याकडे प्रत्येक उत्तराला अडचण तयार असते,” सर म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

दीपालीने त्याच आठवड्यात घरी वापरायचं, कागदाच्या पट्ट्या करणारं एक छोटं श्रेडर विकत आणलं. सुरुवात तिने स्वतःच्याच घरापासून केली, कारण काही टिपणं ती अधूनमधून घरी नेत आली होती आणि ती तिच्या पलंगाखालच्या पेटीत पडून होती. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ बसून पानं मशीनमध्ये सारू लागली. मशीन करकरत होतं, तापत होतं, मध्येच रुसून बंद पडत होतं. तरी खाली पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग वाढत चालला तसं तिला हायसं वाटू लागलं.

सासूबाई, वेणूबाई, शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी सहज एक पट्टी उचलली, चष्मा वर सरकवला आणि वाचलं, “‘...नणंदेने दार बाहेरून लावलं आणि...’ अगं, ही कोण गं?”

दीपालीच्या हातातली पानं तशीच राहिली. तिने पट्टी घेऊन पाहिली. पान आडवं घातलं गेलं होतं, म्हणून पट्टी ओळीच्या बाजूनेच कापली गेली होती. एकेका पट्टीवर एकेक अख्खी ओळ जशीच्या तशी होती.

“आई, विसरा ते वाचलेलं.”

“विसरले. पण मी शब्दकोडी सोडवणारी बाई आहे. दुपारभर बसले तर हा ढीग जुळवून देईन तुला.” वेणूबाईंनी गवार पुढे ओढली. “कापून भागायचं नाही. अक्षरच राहता कामा नये.”

त्या पट्ट्या दीपालीने बादलीत भिजत घातल्या. संध्याकाळी हात घालून कुस्करल्या तर शाई पसरलेली, कागद मऊ, आणि जरा जोर लावला की त्याचा लगदा. बादलीकडे बघता बघता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या कागदाचा असाच लगदा कोण करून देईल?

विचारत विचारत तिला खडकवासल्याच्या बाजूला हातकागदाचा एक छोटा कारखाना मिळाला. हिंदुराव आणि त्यांच्या घरची माणसं तो चालवत. जुन्या कापडाच्या चिंध्या आणि कागद पाण्यात कुटून त्याचे जाड रंगीत कागद काढत. ती फोनवर बोलली. प्रत्यक्ष भेटायला या, असं हिंदुराव म्हणाले.

जाण्याआधी दीपालीने फायली वेगळ्या केल्या. ज्यांचे खटले कोर्टात चालू होते त्यांच्या फायली कुलपाच्या लोखंडी कपाटात गेल्या. त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. प्रकरणं कधीच संपलेल्या बायकांपैकी ज्यांनी सुरक्षित नंबर दिले होते, फक्त त्यांनाच तिने फोन केले. तुमची फाईल नष्ट करतोय, चालेल ना, एवढंच विचारायचं होतं. बहुतेकींनी मोकळा श्वास टाकून होकार दिला.

उत्कर्षाने मात्र लगेच होकार दिला नाही. ती एका आयटी कंपनीत नोकरी करत होती. दिग्विजयशी घटस्फोट होऊन बराच काळ झाला होता, मुलगी तिच्याजवळ होती.

“ताई, दिग्विजय तुमच्या बिल्डिंगची चौकशी करतोय,” ती म्हणाली. “केंद्र कधी हलणार, सामानाचं काय करणार, असं आमच्या कॉमन फ्रेंडला विचारत होता. त्याला मुलीच्या ताब्याची केस पुन्हा काढायचीय. मी त्या काळात औषधं घेत होते, मरायचे विचार येत होते, ते सगळं मी तुमच्याकडे बोललेय. ते त्याला मिळालं तर?”

“मिळणार नाही.”

“आणि ताई, नष्ट करणार ना? मग माझी फाईल मला माझ्या हातानं टाकायचीय.”

दीपालीने फोन ठेवला तो मनाशी काहीतरी ठरवूनच.

ती खडकवासल्याला गेली त्या दिवशी हिंदुरावांनी तिला पाण्याचा हौद दाखवला, त्यात फिरणारं दातेरी चाक दाखवलं. “कागुद हाय का दगड, ह्याला कळत न्हाई,” ते हसून म्हणाले. “समदं एकच करतंय. पर पिना काढून आना, ताई. चाकाचे दात जात्यात.” आपापल्या फायली स्वतःच्या हाताने टाकायला बायका आल्या तर चालतील का, असं तिने विचारलं. “या की! आमच्या घरच्या बाया हायेत, च्या करतील.”

परतीच्या बसमध्ये दीपाली खुशीत होती. इमारतीपाशी उतरली आणि तिची खुशी जागच्या जागी विरली. दारात एक टेम्पो उभा होता आणि टेम्पोवाला फायलींचे गठ्ठे खांद्यावर घेऊन जिना उतरत होता.

ती धावली. जिन्याच्या वळणावर तिने त्याची वाट अडवली. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“वरच्या सरांनी. आमच्या साहेबांनी दुप्पट भाव बोललाय. पण सगळं एकगठ्ठा पाहिजे, सुटं नको, असं त्यांचं म्हणणं.”

रद्दीला दुप्पट भाव! दीपालीला उत्कर्षाचं बोलणं आठवलं. “हे परत वर न्या. टेम्पोतलंही. मी इथून हलणार नाही.” आणि ती खरोखरच जिन्यात मधोमध बसली. टेम्पोवाल्याने सुस्कारा टाकला आणि वळून वर चढायला लागला.

अभय सर दारातच होते. “अहो, गिऱ्हाईक आपणहून आलं. जागा रिकामी करायची आहे की संग्रहालय काढायचं आहे?”

दीपालीला धाप लागली होती, पण आवाज स्थिर होता. “सर, तुमच्या टेबलाच्या खणात तुमची फाईल आहे. हृदयाचे रिपोर्ट, मृत्युपत्राचा मसुदा. मीच झेरॉक्स काढून आणल्यात. ती द्या. गठ्ठ्यांच्या वर ठेवू आणि टेम्पो सोडू.”

“माझी कशाला?”

“मग यांच्या कशाला?”

सरांची नजर गठ्ठ्यांवर गेली. एका सुटलेल्या फायलीवर एका बाईचं नाव दिसत होतं. त्यांनी पुढे होऊन ती पालथी घातली.

तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. उंची शर्ट, हातात गाडीची किल्ली. दीपालीने त्याला कोर्टाच्या आवारात एकदाच पाहिलं होतं, पण ओळखायला तेवढं पुरे होतं.

“काय उशीर लावलाय?” तो टेम्पोवाल्यावर खेकसला. मग सरांकडे वळून गोड हसला. “सर, आपलं ठरलंय ना?”

“हे दिग्विजय,” दीपाली म्हणाली. “यांच्या घरचं कुणीतरी एके काळी आपल्याकडे येऊन गेलं असेल किंवा नसेल. ते मी सांगणार नाही. पण रद्दी गोळा करायचा यांचा धंदा नाही, एवढं नक्की.”

“रद्दी विकत घेणं हा गुन्हा आहे का?” दिग्विजयने विचारलं.

अभय सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बँकेत त्यांच्याखाली काम केलेला कुणीही असता तर दोन पावलं मागे सरला असता.

“गुन्हा मुळीच नाही,” ते म्हणाले. “पण आमच्याकडे रद्दी नाही. मला तसं वाटलं होतं. माझी समजूत चुकीची होती, ती आत्ताच दुरुस्त झाली. आपण या.”

“अहो, पण मी शब्द घेतलाय तुमचा.”

“तो परत घेतला. आणखी एक. पुढच्या वेळी कुणाची फाईल हवी असेल तर कोर्टात अर्ज करा. तिथे आम्ही रीतसर उत्तर देऊ. आणि लिफ्ट बंद आहे. जिन्याचा कठडा धरू नका, हलतो.”

दिग्विजयचा चेहरा लाल झाला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने बोट उगारलं, पण वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या बाई, किराणावाला आणि त्याचा भाऊ, सगळेच जिन्यात येऊन उभे होते. तो मुकाट्याने उतरला. कठडा धरला नाही.

टेम्पोवाल्याने खाली गेलेले गठ्ठे एकेक करून वर आणून दिले. सर दारात उभं राहून ते मोजून घेत होते. मग दीपालीकडे न बघताच म्हणाले, “खडकवासल्याला टेम्पो लागेल. माझ्या ओळखीचा आहे. मी बरोबर येतो, शेवटचं पान बुडेपर्यंत.”

शनिवारी सकाळी हिंदुरावांच्या अंगणात पंचवीस-तीस बायका जमल्या. काही एकट्या, काही बहिणीला घेऊन, एक तर आपल्या मोठ्या झालेल्या लेकीला घेऊन आलेली. नावं कुणी कुणाला विचारली नाहीत. केंद्रातल्या तनयाने आणि दीपालीने गठ्ठ्यांतल्या पिना, प्लॅस्टिकची पाकिटं काढून ठेवली होती. जी आली तिला तिची फाईल हातात दिली. जी आली नाही, तिची दीपालीच्या स्वतःच्या हातून पाण्यात जाणार होती.

सगळ्यात पुढे उत्कर्षा आली. फाईल छातीशी धरून ती हौदाच्या काठाशी उभी राहिली. उघडून पाहावी की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आलं. मग तिने पहिलं पान उभं फाडलं, मग आडवं, आणि तुकडे पाण्यात भिरकावले. दुसरं पान. तिसरं. फाडायचा वेग वाढत गेला. हिंदुरावांनी बटण दाबलं आणि चाक गरगरू लागलं. शाईचं निळं पाणी क्षणभर वर आलं आणि राखाडी फेसात नाहीसं झालं.

“गेलं!” उत्कर्षा ओरडली. “ताई, गेलं बघा सगळं!”

त्या ओरडण्याने बाकीच्यांना जणू परवानगी मिळाली. बायका हौदाभोवती दाटीवाटीने उभ्या राहून फाडू लागल्या. कुणी रडत होती, कुणी नवऱ्याला मोजून शिव्या देत होती, कुणी पान टाकताना मोठ्याने “आणि हे, आणि हे!” म्हणत होती. एका वयस्कर बाईने आपली फाईल न फाडता अख्खीच टाकली आणि चाकाने ती ओढून घेताना कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. तिच्याबरोबर आलेल्या लेकीने टाळी वाजवली तशा सगळ्याजणी टाळ्या वाजवू लागल्या.

अभय सर बाजूच्या खाटेवर बसून रिकाम्या होत जाणाऱ्या गठ्ठ्यांकडे पाहत होते. त्यांनी एकदाच रुमालाने डोळे टिपले आणि “धूळ फार आहे,” असं कुणाला तरी सांगितलं. ओल्या हौदाशेजारी धूळ कुठून येणार, हे त्यांना कुणीच विचारलं नाही.

दुपारपर्यंत शेवटचा गठ्ठा संपला. दीपालीने बाह्या वर सारल्या आणि हौदात हात घातला. लगदा बोटांमधून सरकला. उन्हात धरून तिने तो चोळला, पसरवला, पुन्हा चोळला. एकही अक्षर नाही. काना नाही, मात्रा नाही. तिने ओल्या हाताची मूठ वर केली आणि अंगणभर जल्लोष झाला.

हिंदुरावांच्या घरच्या बायकांनी पिठलं-भाकरी वाढली. सगळ्या पंगतीने बसल्या. उत्कर्षाने दोनदा मागून घेतलं. मग मोबाईलवर लेकीला सांगत होती, “पिल्लू, आज लवकर येतेय घरी. हो, आईसक्रीम आणते. कुठलं हवं ते तू ठरव.”