शेजारी शेजारी दोन भोकं

त्या रविवारी बाबा फिशटँकखालच्या कपाटासमोर पालथे पडले होते. दातांत टॉर्च, हातात ड्रिल. पस्तीस वर्षं पंप दुरुस्त केलेला माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ बसेल, अशी आशा घरात कोणालाच नव्हती.

वरच्या टाकीत त्यांचा एकुलता एक ऑस्कर मासा होता. कारखान्यातल्या जुन्या वरिष्ठांसारखा तोंड वाकडं करून बघतो, म्हणून त्याचं नाव साहेब. टाकीतलं पाणी पाइपातून कपाटाच्या मधल्या फळीवरच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या छोट्या काचेच्या टाकीत उतरायचं, गाळून पंपाने पुन्हा वर जायचं. पण साहेब वाढला तशी घाणही वाढली. म्हणून बाबांनी जोडीला कॅनिस्टर फिल्टर आणला होता. घट्ट झाकणाचा डबा, आत स्पंजाचे थर, स्वतःची मोटर.

"एका माशाला दोन-दोन चाकर," आत्या म्हणाली. "मला जन्मात एक मिळाला नाही."

"साहेबासारखी गप्प राहून दाखव, तुलाही आणतो."

ग्रंथालयात काम करणारी लेक बोटाने पुस्तकातलं पान धरून वाकली. कपाटाच्या बाजूला, संपच्या काठाशी, शेजारी शेजारी दोन भोकं. फिल्टरचा डबा बाहेर जमिनीवर.

"बाबा, एक भोक चुकलं. घाण पाणी वरच्या टाकीतून घ्यायचं ना? एक नळी वर जायला हवी."

"करून बघा पंडित, मग सांगा."

"बघेन कधीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता ते गेले. कप अर्धा भरलेलाच राहिला.

पंधरा दिवसांत पाणी गढूळलं. साहेब कोपऱ्यात तिरका पडून राहू लागला. "दुकानदाराला देऊन टाकू या गं," आत्या म्हणाली. "तो तरी जगू दे." दुकानदार संध्याकाळी येणार असं ठरलं.

दुपारी लेक टॉर्च घेऊन कपाटासमोर पालथी पडली.

बाबांनी कापून ठेवलेल्या नळ्या वरच्या टाकीपर्यंत पोचेनात. तिने खोक्यातली उरलेली लांब नळी घेतली. एक टोक वर सोडलं, डब्यातून गाळलेलं पाणी संपमध्ये आणलं, मोटर लावली. सगळं झकास चाललं.

मग तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. ही बाबांची रीत. काम झालं की कोरडा कागद पसरायचा आणि सगळे प्लग उपसायचे. "वीज जाणारच. गेल्यावर पाणी कुठं जातं ते बघितल्याशिवाय चहा नाही." पंप थांबला की वरचं थोडं पाणी पाइपातून खाली उतरायचंच; म्हणून संपच्या काचेवर त्यांनी मार्करने रेघ ओढली होती: वीज गेली तर इथपर्यंत.

तिने प्लग उपसले. पाणी रेघेपर्यंत चढलं, आणि चढतच राहिलं. मोटर बंद होती, तरी वरच्या टाकीतलं पाणी उतारानेच नळीतून खाली येत होतं. तिने धावत जाऊन नळी उपसली, तोवर कागदाचा लगदा झाला होता.

ओल्या जमिनीवर बसून ती त्या दोन भोकांकडे बघत राहिली. दोन्ही नळ्या संपमध्येच सोडायच्या होत्या. डबा जिथून पाणी घेणार, तिथेच ते परत देणार. वीज असो नसो, वरच्या टाकीला त्याचा पत्ताही लागणार नाही. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. नळी घासू नये म्हणून त्यांनी कड पॉलिश पेपरने गुळगुळीत केली होती. आतल्या बाजूलासुद्धा, जिथे कोणी बघणार नव्हतं.

त्यांनी कापलेल्या नळ्या भोकांतून अलगद गेल्या. कुठे ताण नाही, कुठे झोळ नाही. तिने नवा कागद पसरला, सगळं चालवून पाहिलं आणि पुन्हा प्लग उपसले.

पाणी चढलं. रेघेवर येऊन थांबलं. केसभरही वर नाही.

"काय गं, दुकानदाराला काय सांगू?" आत्या दारातून म्हणाली.

"नका येऊ म्हणावं."

आत्या फोनकडे वळली. लेकीने प्लग लावले. डबा मांजरासारखा गुरगुरायला लागला. कागद कोरडा होता.

"भोक चुकलं नव्हतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही फार हुशार होतात. मला ते लहानपणापासून माहीत होतं."