माझ्या चौथ्या पायाखालची वही

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे आणि मी वैतागलेलो आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की आधी लांब उसासा टाकतात, मग वैभवाचे दिवस आठवतात आणि शेवटी डोळे पुसतात. मला यातलं काही जमणार नाही. अठरा वर्षं मी एकाच घरात उभा आहे, आणि माझ्यावर जेवढे छंद सुरू झाले त्यातला एकही धड शेवटाला गेला नाही. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "उद्या करू," आणि तो उद्या माझ्या खणात जाऊन पडायचा. माझा खण म्हणजे उद्यांची अडगळ झाली होती.

माझा जन्म एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या काउंटरपासून झाला. लाकूड जुनं, पण खणखणीत. सुतारकाका हाताचे कुशल होते. फक्त त्यांच्या कारखान्यातली फरशी एका ठिकाणी फुगलेली होती आणि नेमका तिथेच माझा चौथा पाय आला. त्यांनी तो बोटभर कापला, मला थोपटलं आणि अभिमानाने सांगितलं की हे टेबल तसूभर हलणार नाही. तिथे मी खरंच हललो नाही. पण या घराच्या सपाट फरशीवर आणल्याबरोबर माझा चौथा पाय अधांतरी राहिला आणि मी डुगडुगायला लागलो. कोपर टेकलं की डुग, उचललं की डुग. बाबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी बघतो."

त्याला अठरा वर्षं झाली. वर्षात बावन्न रविवार असतात. हिशोब तुम्ही करा, मला चीड येते.

आता या माणसांबद्दल सांगतो. बाबा चष्म्याच्या दुकानात काम करतात. आई प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताचे नमुने घेते. आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायची, आता दोन गल्ल्या पलीकडे राहते. मग दादा, आणि त्याच्यानंतर तीन वर्षांनी झालेली धाकटी. तिला सगळे भिंगरी म्हणतात आणि ते नाव तिने पुरेपूर कमावलंय.

बाबांना घड्याळं दुरुस्त करायचा नाद होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर बशीत इवलेसे स्क्रू. मी डुगडुगलो की स्क्रू उड्या मारायचे आणि सगळं घर गुडघ्यांवर रांगायचं. तरी बाबा खुशीत असायचे. मग एकदा शेजारच्या काकूंनी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ मोठ्या विश्वासाने आणून दिलं. बाबांनी ते उघडलं, पुसलं, बंद केलं, आणि बशीत तीन स्क्रू उरले. घड्याळ चालू झालं, पण बाराला तेरा टोले द्यायला लागलं. काकूंनी ते जिन्यात भेटेल त्याला सांगितलं आणि घड्याळ काही परत नेलं नाही. त्यानंतर बाबांनी भिंगाला हात लावला नाही. कुणी विचारलं तर सांगतात, डोळ्यांना नंबर लागला. मित्रांनो, हा माणूस दिवसभर चष्मे विकतो.

आत्या केक करायची. केकवर साखरेची फुलं अशी काढायची की मला, लाकडाला, वास आल्यासारखं वाटायचं. पण लोकांनी तिच्या छंदाचं कौतुक करून करून त्याचा जीव घेतला. "अगं, एवढं छान करतेस, विकत का नाहीस?" असं पहिल्यांदा कोण म्हणालं आठवत नाही, पण मग सगळेच म्हणायला लागले. ऑर्डरी आल्या. निळी फुलं हवी, नको गुलाबीच हवी, सातला हवा, नको साडेसहाला. दीड वर्षात आत्या इतकी कंटाळली की एका रविवारी तिने सगळे साचे माझ्या खणात कोंबले. आता ती स्वतःच्या वाढदिवसाचा केकसुद्धा बाहेरून आणते.

दादा पातळ लाकडाची विमानं करायचा, आणि ती उडायची. आठवीत असताना वर्गातला एक मित्र घरी आला आणि त्याने एवढंच विचारलं, "तू अजून खेळतोस?" बस. सहा विमानं त्याच संध्याकाळी खोक्यात गेली. एका शब्दाने सहा विमानं पाडली. मला त्या पोराचे कान उपटावेसे वाटले, पण मला पायच तेवढे आहेत.

आणि भिंगरी. तिचं काय सांगू. मणी, विणकाम, कागदी पक्षी, सुंदर अक्षर, अंड्यांच्या कवचांची चित्रं. ती कवचं अजून माझ्या फटीत आहेत आणि मुंग्यांना अजून आशा आहे. तिचे सगळे छंद कढईतल्या लाह्यांसारखे, क्षणात फुलायचे आणि क्षणात थंड. एखादी गोष्ट अवघड झाली की ती हात झटकून म्हणायची, "माझ्यात ते नाहीच आहे." वय वर्षं चौदा आणि स्वतःत काय नाही याची यादी हातभर.

आईला मात्र काही छंद नाही, असं घरात सगळे म्हणत. "आईला वेळच कुठे असतो," असं म्हणून प्रत्येक जण आपली बशी तिच्याकडे सरकवायचा. खरी गोष्ट मला माहीत होती, कारण मी तिच्यावर उभा होतो.

भिंगरी एक वर्षाची असताना आत्याचा एक तीनमजली केक माझ्यावर होता. तासाभरात न्यायचा होता आणि फुलं सारखी वाकडी पडत होती. आत्या रडकुंडीला आली. टेबल धरा रे कुणीतरी, म्हणाली. आईच्या हातात एक जाड, करड्या पुठ्ठ्याची वही होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, वाकली आणि ती वही माझ्या चौथ्या पायाखाली सरकवली. अगदी मापात बसली. मी जन्मात पहिल्यांदा या घरात सरळ उभा राहिलो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. केक गेला. वही राहिली. तेरा वर्षं राहिली.

त्या वहीवर आत्याच्या ऑर्डरी झाल्या, दादाची विमानं झाली, भिंगरीचे पाच छंद झाले. माझ्या सरळपणाचं कौतुक व्हायचं तेव्हा माझं लाकूड आकसायचं. पण टेबलाला सांगता येत नाही.

मग गेल्या महिन्यात आईने जाहीर केलं की नवीन टेबल येणार आणि हे जाणार. ताटात टाचण्या सापडतात, आता पुरे. रविवारी जुनं सामान नेणाऱ्याचा टेम्पो सांगितलाय. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. अठरा वर्षं माझ्यावर हात टेकलेली माणसं, एकानेही मान वर केली नाही. बोलली ती फक्त भिंगरी. ती तेव्हा वह्या शिवायला शिकत होती. दाभणाने भोकं पाडायची, मेणाचा दोरा ओवायचा, पुठ्ठा चिकटवायचा. टेबल मला लागतं, म्हणाली.

"तुला आजवर कुठली गोष्ट चार महिने लागलीय?" आई म्हणाली.

भिंगरी भडकली. तिने सगळ्यांचे हिशोब काढले. बाबांची घड्याळं, आत्याचे साचे, दादाची विमानं. मलाच का बोलता, मी घराण्याचं नाव चालवतेय, म्हणाली. दादाला हसू आलं, बाबांनी पेपर वर धरला. आईने शांतपणे अट घातली. रविवारपर्यंत एक वस्तू पूर्ण करून दाखव, कुठलीही. टेबल मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवू. नाही झाली, तर टेबल गेलं.

म्हणजे माझा जीव या मुलीच्या चिकाटीवर टांगला गेला. मित्रांनो, विचार करा माझं काय झालं असेल.

सोमवारच्या वहीची भोकं वाकडी गेली. मंगळवारी दोरा तुटला. बुधवारी शिवण जमली आणि तिने पुठ्ठा उलटा चिकटवला. गुरुवारी तिने दाभण माझ्यावर आपटलं, तो खड्डा अजून आहे, आणि म्हणाली, "न्या ते टेबल. माझ्यात ते नाहीच आहे." मी काय बोलणार? मनात म्हटलं, अगं बये, वहीला पुठ्ठा उलटा लागला तर वही उलटी धर, पण थांब तरी.

शनिवारी दुपारी ती आणि दादा मला रिकामं करायला आले. खण उपसला, घड्याळ, साचे, विमानांचं खोकं सगळं जमिनीवर मांडलं. मग दोघांनी मला उचललं. वही पायाला चिकटूनच वर आली आणि धप्पकन खाली पडली. मधोमध माझ्या पायाचा चौकोनी खड्डा, पाठ मोडलेली, शिवण उसवलेली.

"तेरा वर्षं टेबल उचलून धरलं हिने," दादा म्हणाला. "बाबांनी या घरात एवढं काही उचललं नाही."

"मला ऐकू येतंय," बाहेरून बाबा.

भिंगरीने वही उघडली आणि तिथेच बसकण मारली. पानापानावर हात होते. चेहरे नाहीत, नुसते हात. चिमटा धरलेला बाबांचा हात, वाकड्या करंगळीवरून लगेच ओळखू येणारा. साखरेची पिशवी पिळणारा आत्याचा. खडू मुठीत धरलेला छोट्या दादाचा. मधूनच कितीतरी अनोळखी हात, सुईची वाट बघत मूठ आवळलेले. दिवसभर आई लोकांचे हात हातात घेत होती आणि संध्याकाळी ते माझ्यापाशी बसून काढत होती. शेवटच्या चित्रात एका बाळाचा हात होता. चार बोटं काढलेली, अंगठा नव्हता. त्यापुढची पानं कोरी.

भिंगरी वही घेऊन स्वयंपाकघरात गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. आईने दोन-चार पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अरे देवा, ही तिथे होती होय."

"तू का सोडलंस?"

"सोडलं नाही गं. एका दिवसासाठी ठेवली होती."

"मग?"

"मग टेबल हलेना. सगळ्यांना बरं वाटलं. काढली असती तर परत कुणीतरी ओरडलं असतं. म्हटलं, उद्या काढू. पुढे आठवलंच नाही. खरं म्हणजे आठवायचं, पण कुणाचं ना कुणाचं काहीतरी टेबलावर असायचंच."

"आणि आम्ही म्हणत होतो तुला छंदच नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो मला जास्त लागला.

मित्रांनो, बाबांनी फजितीपायी सोडलं, आत्याने कंटाळून, दादाने लाजून, भिंगरी तर घाबरूनच सोडायची. त्यांच्याजवळ निदान कारण होतं. आईचा छंद तर कुणी न सोडताच सुटला होता, आमच्या सगळ्यांच्या वजनाखाली.

भिंगरी परत आली ती दाभण शोधतच. संध्याकाळभर तिने जुना दोरा कापून पानांची एकेक घडी सुटी केली. रविवारी सकाळी उठून नव्याने शिवायला बसली. माझ्या पायाखाली आता काही नव्हतं, म्हणून मी डुगडुगत होतो आणि टाका चुकत होता. दोनदा तिने सगळं उसवलं. दोनदा मी ऐकायची तयारी केली, माझ्यात ते नाहीच आहे. ती काही म्हणाली नाही. फक्त माझ्यावर गुडघा टेकवून मला दाबून धरलं आणि पुन्हा सुई ओवली. पुठ्ठा चिकटवून झाल्यावर वर वजन हवं होतं. तिने काकूंचं घड्याळ ठेवलं, त्यावर आत्याचे लोखंडी साचे, त्यावर विमानांचं खोकं. या सगळ्यांचा एवढ्या वर्षांत प्रथमच काही उपयोग झाला.

अकरा वाजता टेम्पोवाला तीन जिने चढून आला. भिंगरी माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. गोंद वाळतोय, टेबल हलवायचं नाही, म्हणाली. किती वेळ लागेल, त्याने विचारलं. संध्याकाळपर्यंत, ती म्हणाली. त्याने आईकडे पाहिलं. आईने त्या ढिगाकडे पाहिलं, घड्याळ, साचे, खोकं आणि तळाशी तिची वही.

"टेबल राहू दे," आई म्हणाली. तो कुरकुरला तेव्हा त्याला एक मोडकी खुर्ची देऊन वाटेला लावलं.

संध्याकाळी मी खिडकीपाशी होतो. आईने पेन्सिलीला टोक काढलं, वही उघडली आणि बाळाच्या हाताकडे बघत राहिली. "हा अंगठा आता कुठून आणू," म्हणाली आणि पान उलटलं. "हात ठेव इथे. हलवू नकोस."

भिंगरीने हात ठेवला. मी डुगडुगलो. रेघ वाकडी गेली.

"रविवारी बघतो मी ते," दारातून बाबा म्हणाले.

"आज रविवारच आहे," आई वर न बघता म्हणाली.

बाबा मुकाट्याने वाकले, माप घेतलं आणि लाकडाचा तुकडा शोधायला गेले. तो त्यांना अजून सापडायचा आहे. ते चित्रही त्या दिवशी पूर्ण झालं नाही, तीन बोटांवर अडलं, कारण दूध उतू गेलं. या घरात काही बदलेल अशी भाबडी आशा मी करत नाही. पण वही मिटून आईने माझ्यावर ठेवली. वर. आणि मी डुगडुगलो की आता कुणी ओरडत नाही, एक हात टेकवतात आणि काम चालू ठेवतात.

म्हणून एवढंच सांगतो, मित्रांनो. तुमचं टेबल हलत असेल तर हलू द्या, विटकर लावा, नाहीतर सुताराला बोलवा. आणि ते अजिबात हलत नसेल, तर एकदा वाकून त्याच्या पायाखाली बघा. तिथे कुणाचं काय ठेवलंय, ते त्या माणसाला विचारा.