नावं ठेवायला दिलेला डबा

श्वेताच्या कंपनीत नवा डबा बाजारात जाण्याआधी त्याचे अगदी हाल हाल करतात. उंचावरून पाडतात, उकळत्या पाण्यात टाकतात, यंत्राच्या चिमट्यात धरून झाकण उघडबंद करत राहतात. मुलुंडच्या त्या गाळ्यात हे सगळं श्वेताच्या देखरेखीखाली चालतं. या खेपेचा फिरकीच्या झाकणाचा डबा सगळ्यातून सहीसलामत सुटला. राहिलं घरात वापरून बघणं, आणि तिने तो नेमका स्वतःच्या आईच्या, मालनबाईंच्या हवाली केला. इथेच चुकलं. पोरीच्या कामाला नावं ठेवेल ती मालवणातली आई कसली?

"झकास आसा," मालनबाई रोज सांगायच्या, आणि श्वेता खुशीत असायची.

डब्याचा साचा कायम व्हायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. श्वेता जरा लवकर घरी आली, तर आई डबा घेऊन शेजारच्या रुचिराच्या दारात उभी. रुचिराने झाकण फिरवून दिलं आणि भाबडेपणाने म्हणाली, रोज मीच तर उघडून देते की काकूंना.

घरात शिरल्यावर श्वेता चांगलीच उखडली. उद्या घराघरांत हे झाकण जाणार होतं, आणि आईने खोटं सांगावं?

मालनबाईंनी डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "हात दुखतत म्हटलंय, तर तू पोळीवाली बाई ठेवशील. माका ओट्याकडे फिरकाक देशील?"

नवरा गेल्यावर घरगुती खानावळ चालवून त्यांनी पोरीला शिकवलं होतं. या घरात त्यांचं म्हणावं असं काही असेल, तर तो ओटा. श्वेताचा राग तिथल्या तिथे विरला आणि स्वतःचीच लाज वाटली. आख्ख्या डब्याची परीक्षा घेतली, पण आईच्या हाताकडे तिने पाहिलं नव्हतं.

ती आईला खेटून बसली. "आई, ओटा तुझाच राहील. पण छान छान म्हणायला आमच्याकडे यंत्र आहे गं. मला नावं ठेवणारं माणूस हवंय."

मालनबाईंनी लेकीच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. मग हळूहळू सुरुवात केली. झाकण गुळगुळीत, ओला हात सरकतो. कड बोटात रुतते. जोर लावला की मनगटातून कळ निघते.

"आणि सकाळी बोटां वळतच नाय गो. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येता."

श्वेताने ती बोटं आपल्या ओंजळीत घेतली.

"अजून सांग," ती म्हणाली.