वखारवाल्याची रबरी कुऱ्हाड

हो, मी कुऱ्हाडच आहे. जुनी, रबराची, आणि सध्या भयंकर चिडलेली.

मित्रांनो, मी आजवर कोणाच्या नखालाही इजा केलेली नाही. तरी पडद्यावर मी इतकी माणसं मारली आहेत, की त्यांची एक लहानशी वसाहत झाली असती. तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलं असेल. पण तुम्ही ते कबूल करणार नाही. माझा राग तिथूनच सुरू होतो.

माझा जन्म साचेताईंच्या खोलीत झाला. चित्रपटांसाठी खोट्या वस्तू बनवणं हा त्यांचा धंदा. खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ आणि पातळ रबराचा डोळ्यांत पाणी आणणारा वास कायम असायचा. एका सुताराकडून त्यांनी खरी लोखंडी कुऱ्हाड आणली, तिच्यावर प्लास्टर ओतून साचा घेतला आणि त्या साच्यात मला ओतलं. म्हणून त्या लोखंडी कुऱ्हाडीच्या पात्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्याही पात्यावर आहे. ती माझी आईच म्हणा ना. भट्टीतून निघाल्यावर साचेताईंनी मला चंदेरी रंग दिला, आणि दांड्यात शिशाच्या गोळ्या भरल्या. रबर हलकं असतं. हलकी वस्तू उचलताना माणसाच्या खांद्याचे स्नायू ताणले जात नाहीत आणि कॅमेऱ्याला ते लगेच कळतं. गोळ्या एकेक करून वाढवत त्यांनी माझं वजन माझ्या आईच्या वजनाइतकं केलं. तराजूचा काटा मधोमध थांबला तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, "आता तुला कोणी खोटी म्हणून दाखवावं!"

ते वाक्य पुढे किती महागात पडणार होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चित्रपटाचं नाव होतं 'वखारवाला'. लाकडाच्या वखारीत राहणारा, तोंडावर गोणपाटाचा मुखवटा घातलेला एक राक्षस येणाऱ्या-जाणाऱ्याला कुऱ्हाडीने मारतो, एवढीच गोष्ट. पहिला भाग चालला, म्हणून 'वखारवाला पुन्हा' आला. मग 'वखारवाल्याचा सूड' आला. मग 'वखारवाल्याचा शेवट' आला, आणि अर्थातच त्यानंतर 'शेवटानंतरचा वखारवाला' आला. प्रत्येक भागात खर्च कमी आणि रक्त जास्त.

राक्षस होणाऱ्या नटाला सगळे पैलवान म्हणायचे. अंगाने दांडगा, पण सुई टोचलेली पाहिली तरी त्याला घेरी यायची. आणि जी मरायची, तिला सगळे किंकाळीताई म्हणत. बाईंच्या पोटातून असा आवाज निघायचा, की वखारीतली कबुतरं उडायची. पहिल्या भागात ती मेली. दुसऱ्यात तिची जुळी बहीण म्हणून आली आणि मेली. तिसऱ्यात मावशी, चौथ्यात केसांना पांढरी पावडर लावून आई. प्रेक्षकांची काही तक्रार नव्हती. उलट ती पडद्यावर दिसली की चित्रपटगृहात आनंदाची लाट यायची, "आली रे, आली! आता मरणार!"

प्रत्येक खुनानंतर पैलवान मुखवटा वर करून विचारायचा, "ताई, लागलं नाही ना?"

"अरे मेलेय मी! मेलेल्या बाईशी बोलतोस काय, कॅमेरा चालू आहे!"

"हो, पण लागलं का?"

मग तो तुकडा पुन्हा घ्यावा लागायचा.

आमच्याकडे एक रीत होती, साचेताईंनी घालून दिलेली. आम्ही तिला वाकवणी म्हणायचो. माझी आई, म्हणजे खरी कुऱ्हाड, लाकूड फोडतानाच्या जवळच्या दृश्यांसाठी लागायची. एरवी ती साचेताईंच्या कुलूपबंद पेटीत असायची. माणसावर वार करायचा असेल, तेव्हा त्या मला घेऊन मध्ये यायच्या, सगळ्यांसमोर माझं पातं दुमडायच्या आणि स्वतःच्या गुडघ्यावर मला आपटायच्या. मग मारणारा म्हणायचा, "वाकली." मरणारी म्हणायची, "वाकली." दोघांनी म्हटल्याशिवाय कॅमेरा सुरू होत नसे. दिग्दर्शक घड्याळाकडे बघत पाय आपटायचे, पण साचेताई ढिम्म हलायच्या नाहीत.

मला त्या वाकण्याचा अभिमान होता. पातं दुमडून सरळ व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात एक माणूस निश्चिंत होत असे.

चौथ्या भागात गंमत झाली. पळता पळता पैलवानाने मला दारावर मारलं आणि माझं पातं सगळ्यांच्या देखत भाकरीसारखं दुमडलं. पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता, म्हणून ते तसंच ठेवलं. मित्रांनो, त्या दृश्याला जेवढ्या शिट्ट्या पडल्या, तेवढ्या कुठल्याच दृश्याला पडल्या नाहीत! लोक मित्रांना घेऊन परत परत यायचे आणि ते दृश्य जवळ आलं की खुर्च्यांत पुढे सरसावून बसायचे. ते हसू चिडवण्याचं नव्हतं. घरातल्या लाडक्या माणसाची फजिती झाल्यावर हसतात तसं होतं. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस खऱ्या सुखाचे.

पण दिग्दर्शकांना ते हसू झोंबलं. त्यांच्या सासऱ्यांनी म्हणे जेवणाच्या पानावर विचारलं, "जावईबापू, कुऱ्हाड वाकते कशी हो?" त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्याच चित्रपटाची लाज वाटू लागली. पाचवा भाग 'दर्जेदार' करायचा, असं त्यांनी ठरवलं. साचेताईंशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं.

"तुमच्या या रबरामुळे माझं हसं झालं!"

"रबरामुळे तुमची सगळी माणसं धडधाकट आहेत," साचेताई म्हणाल्या. "पेटीची किल्ली माझ्याकडे राहणार असेल तर मी काम करते. नाहीतर नाही."

साचेताईंना जावं लागलं. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांच्या जागी कोणालाच घेतलं नाही. पेटी उघडी पडली, आणि मी नि माझी आई एकाच टेबलावर शेजारी शेजारी झोपू लागलो. तोच रंग, तेच खड्डे, तेच वजन.

तो दिवस मला आठवला की आजही माझा रबरी जीव तापतो. दुपारची वेळ होती. आम्ही वखार म्हणून वापरायचो त्या गोदामाच्या खिडक्यांना काळं कापड ठोकून आत रात्र केली होती. दिवे भाड्याचे होते आणि संध्याकाळी परत जाणार होते. किंकाळीताई, या खेपेला आत्या, लाकडाच्या ओंडक्यावर मान ठेवून आडवी झाली होती. पैलवानाच्या तोंडावर मुखवटा, हातांत जाड मोजे. मुखवट्याच्या भोकांतून त्याला समोरचा ओंडका तेवढा दिसत होता. दिग्दर्शक स्वतः टेबलाशी आले, घाईघाईने हात घातला आणि कुऱ्हाड उचलली.

त्यांनी मला उचललं नाही.

मित्रांनो, मी तिथेच होते, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. मला तोंड असतं तर मी अशी किंकाळी फोडली असती, की ताईही माझी शागीर्द झाली असती. पण वस्तूंना ओरडता येत नाही. पैलवानाने कुऱ्हाड घेतली, तोलून पाहिली. वजन नेहमीचंच. त्याने ती डोक्यावर उचलली.

"थांब," ताई ओंडक्यावरूनच म्हणाली. "वाकवणी राहिली."

"अहो, आता कसली वाकवणी?" दिग्दर्शक म्हणाले. "ती गेली बाई, तिचं नाटकही गेलं. दिवे परत जायचेत."

"वाकवून दाखवा. मग मरते."

"चार वेळा मेलात, अजून सवय नाही झाली?"

गोदामातले सगळे हसले. हो, सगळे. ताई उठून बसली. तिच्या गळ्यावर खोट्या रक्ताची नळी चिकटवलेली होती, ती तिने ओढून काढली.

"मग तुम्ही झोपा इथे," ती दिग्दर्शकांना म्हणाली.

"मी काय नट आहे?"

"मान तर आहे ना?" मग ती पैलवानाकडे वळली. "दादा, मी बाजूला होते. तू ओंडक्यावर वार कर. ठरलाय तसाच, पूर्ण जोराने."

पैलवानाने वार केला. माझी आई ओंडक्यात अर्ध्या पात्यापर्यंत शिरली.

पैलवानाने दांडा ओढून पाहिला, कुऱ्हाड निघेना. मग त्याने मुखवटा काढला, खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. ताई त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जी मेली असती, तीच मारणाऱ्याची समजूत घालत होती. आणि दिग्दर्शकांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य काय होतं, सांगू?

"कॅमेरा चालू होता का?"

चालू होता. ते दृश्य चित्रपटात आहे. ताईचा आधीचा चेहरा, मग ओंडक्यात शिरणारं पातं, असं जोडून. एका परीक्षणात छापून आलं, की या टुकार मालिकेत अखेर एक तरी अस्सल क्षण सापडला.

ताई त्या दिवशी निघून गेली ती परत आली नाही. धंद्यात बोभाटा झाला, की बाई फार कटकटी आहे, ऐन वेळी अडून बसते. तिला काम मिळेना. तिने चार लोकांना खरी हकिगत सांगून पाहिली. प्रत्येकाचं उत्तर एकच, "तसल्या चित्रपटात दुसरं काय होणार?" तसल्या! हा एक शब्द उच्चारला की माणसाच्या मानेची किंमत संपते.

पुढे कंपनी बंद पडली, सामान भंगारात गेलं, आणि तिथून मला दातांच्या एका डॉक्टरांनी विकत घेतलं. मला वाटलं, आता काचेच्या कपाटात बसेन. कुठलं काय! मी कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या मागे उभी आहे. दर्शनी फळीवर बक्षिसं मिळवलेले, संथ, गंभीर चित्रपट ओळीने लावलेत. त्यांच्यावरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. आणि रविवारी दुपारी डॉक्टर आणि त्यांची थोरली बहीण पडदे ओढून, आवाज बारीक करून 'वखारवाला' लावतात. संवाद दोघांना पाठ आहेत. शेजारी दार वाजवतो, तेव्हा टीव्हीवर लगबगीने बातम्या येतात. पाचव्या भागात ओंडका आला की डॉक्टर म्हणतात, "ताई, थांब, पुन्हा लाव. काय शॉट आहे!"

मी कोटांच्या मागे उभी राहून ते ऐकते.

मध्यंतरी एका संध्याकाळी डॉक्टर घरी आले ते धापा टाकतच. "ताई, आज दवाखान्यात कोण आलं असेल? किंकाळी! तिने आ केला आणि मी ओळखलं. वरच्या डाव्या दाढेत चांदी भरलेली. चार भागांत मी ती दाढ पाहतोय, ताई!"

"अगं बाई! मग काय म्हणालास?"

"विचारलं, आपण काय करता? म्हणाली, आधी 'वखारवाला'त होते, आता शिवणकाम करते."

"मग?"

डॉक्टर बूट काढायला खाली वाकले. "मग मी म्हणालो, असं का? मी तसले चित्रपट बघत नाही."

"गाढवा!"

"अगं, नर्स उभी होती तिथे."

"नर्स काय तुझे दात उपटणार होती? पुढच्या खेपेला आली की तोंडावर सांग तिला. नाहीतर रविवारी माझ्याकडे यायचं नाही आणि मी तुझ्याकडे यायची नाही."

पुढच्या आठवड्यात डॉक्टर घरी परतले तेव्हा त्यांनी दिवासुद्धा लावला नाही. बहीण वाट बघत बसली होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, मी पाचही भाग पाहिलेत, कितीदा पाहिलेत. ती म्हणाली, मग मागच्या खेपेला का नाही बोललात? काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हटलं, तो ओंडक्याचा शॉट आम्ही नेहमी मागे घेऊन बघतो. फार खरा वाटतो."

"मग?"

"म्हणाली, खराच आहे. त्या ओंडक्यावर माझी मान होती, डॉक्टर. मी उठले, म्हणून आज तुम्हाला माझे दात दिसतायत."

बहिणीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर अंधारातच पुढे म्हणाले, "आणि मग तिने पुन्हा आ केला, ताई."

मित्रांनो, असले चित्रपट बघू नका, असं मी मुळीच सांगणार नाही. बघा! ओरडा, उशी घट्ट धरा, पोट धरून हसा. एका रबरी कुऱ्हाडीने तुम्हाला घाबरवावं आणि तुम्ही आनंदाने घाबरावं, यात लाजण्यासारखं काहीही नाही. पण ज्यांच्या कामावर तुमची दुपार मजेत जाते, त्यांना चारचौघांत 'तसले' म्हणू नका. तुम्हाला ज्या गोष्टीची लाज वाटते, तिच्या आत काम करणाऱ्या माणसांकडे कोणी बघत नाही. दिवे परत जायचे असतात, सगळे हसतात, आणि कोणीतरी न बघता टेबलावर हात घालतो.

किंकाळीताईने आपली मान स्वतः उचलली, म्हणून ती वाचली. सगळ्यांनाच तेवढा धीर होत नाही. पुढच्या वेळी पडद्यावर एखादा वार फारच खरा वाटला, तर वाहवा करण्याआधी विचारा: ती बाई नंतर उठली का?