तलावाच्या जाळीच्या पोटातलं

मी जाळी बोलतेय. कोळ्याची नव्हे, भिंतीवरच्याही कोळ्याची नाही आणि समुद्रावरच्याही नाही. मी पोहण्याच्या तलावाची जाळी. तलावातलं पाणी पंपाकडे जातं तेव्हा वाटेत मी झाकणाखाली बादलीसारखी बसलेली असते. पाण्याला जाऊ देते, बाकीचं पोटात ठेवते.

माझा जन्म कारखान्यात झाला. स्टीलच्या पत्र्याला यंत्राने टोचून टोचून भोकं पाडली आणि गोल वळवून वर कड बसवली. एखाद्या भांड्याला एक भोक पडलं तर लोक त्याला मोडीत काढतात. मला हजारभर भोकं, आणि त्यांच्यावरच माझी नोकरी!

मला सांभाळतात पंपवाले काका. रोज सकाळी पंप बंद करून ते मला बाहेर काढतात, पालथी करून आपटतात, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासतात आणि निथळायला खिडकीत ठेवतात. काका गप्पांत रमले की माझी सुट्टी चांगली अर्धा तास लांबते. खिडकीतून सगळा तलाव दिसतो. वर माणसं एकमेकांचे कपडे बघत असतात. खाली मी कुणाचं काय गळलं ते बघत असते. केस, बोटावरच्या पट्ट्या, च्युइंगगम, एकदा तर अख्खी खोटी पापणी. पण मी कधी कुणाचं नाव घेतलं नाही.

सकाळच्या पहिल्या तासाला शिवणताई यायची. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, म्हणून सगळे तिला शिवणताईच म्हणत. तिचा पोहायचा पोशाख तिने स्वतःच शिवला होता. निळा, मनगटापासून घोट्यापर्यंत, डोक्याला त्याच कापडाची टोपी. फक्त चेहरा, हात आणि पावलं दिसायची. तिच्या धर्मात अंग झाकून राहायची रीत होती आणि तिला ती आवडायची.

तिला सहा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे बेडकी म्हणायचे, कारण पाणी दिसलं की ती उडी मारायची. एकदा तिने खोल पाण्यात उडी मारली. शिवणताई काठावर नुसती उभी. पोहता येत नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी बेडकीला खेचून काढलं. या बाईंच्या गळ्यात सदा शिट्टी असायची, म्हणून त्या शिट्टीबाई. दुसऱ्याच दिवशी शिवणताईने त्यांच्याकडे नाव घातलं.

"ताई, पाय मारा! पाय! शिलाई मशीन चालवता ना तसे!"

"मशीन बुडत नाही हो बाई!"

असं करत करत ती तलावाची रुंदी जवळजवळ पार करू लागली. पलीकडची कड आता चारच हात राहायची, आणि तिथे दरवेळी तिचा धीर सुटायचा.

त्यातच दारावर कागद लागला. चिटणीस म्हणजे तलावाचा कारभार बघणारे गृहस्थ. त्यांनी लिहिलं होतं: "पूर्ण अंग झाकणारे पोशाख बंद करण्याबाबत रविवारी सभा. कारण, अशा कपड्यांचे धागे पंपाच्या जाळीत अडकतात."

जाळीत? म्हणजे माझ्यात? मला न विचारता मलाच साक्षीला उभं केलं होतं!

शिवणताई तो कागद वाचून पंपाच्या खोलीशी आली. "काका, खरंच माझ्यामुळे तुमचं काम वाढतं का हो?"

काका डोकं खाजवत म्हणाले, "खरं सांगू ताई? जाळी साफ करताना मी कधी निरखून बघितलंच नाही. आता बघतो."

"नियम झाला तर माझं पोहणं इथेच थांबेल. चार हात राहिलेत हो फक्त."

त्या दिवसापासून काकांनी मला आपटायचं बंद केलं. माझ्या पोटातली एकेक वस्तू चिमट्याने काढून ते वर्तमानपत्रावर वाळत घालू लागले.

रविवारी सभा तलावाच्या काठावर भरली. टेबलावर मधोमध मी आणि शेजारी काकांचं वर्तमानपत्र. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

चिटणीस उठले. पोहून तसेच आले होते, अंगात नेहमीची निळी, गुडघ्याखाली येणारी बर्म्युडा. म्हणाले, "माझं वैयक्तिक काही नाही. प्रश्न स्वच्छतेचा आहे."

पहिल्या ओळीतून कासवआजी उठल्या. रोज संथ चाळीस फेऱ्या मारायच्या, म्हणून कासव. "माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही मुली आखूड कपड्यांत पाण्यात उतरलो तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. भांडून मिळवलंय आम्ही ते. म्हणून विचारते पोरी, राग मानू नकोस. नवरा सांगतो का गं असं झाकायला?"

शिवणताईचे कान लाल झाले, पण ती उभी राहिली.

"नाही आजी. त्याला पाण्याची एवढी भीती की तो आंघोळसुद्धा जपून करतो. हे माझं मीच ठरवलंय. कुणी सक्तीने घालायला लावलं असतं तर मी आधी तुमच्याकडेच आले असते."

आजी हसल्या आणि खाली बसल्या. "बरं. मग माझं काही म्हणणं नाही."

काकांनी वर्तमानपत्र पुढे सरकवलं. "हे आठवड्याभराचं. केस हे एवढे. पट्ट्या अकरा. पिना सात. आणि..." ते अडखळले. "धागेही आहेत. निळे."

"बघा!" चिटणीस टाळी वाजवून म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

माझं तोंड उतरलं. मी साठवलं ते काकांनी दाखवलं, आणि बिचारी तीच अडकली.

शिवणताई टेबलाशी आली. तिने एक धागा उचलला, बोटांत चोळला, उजेडाकडे धरला. दुकानात कापड पारखताना ती असंच करत असणार.

"हा सुती आहे," ती म्हणाली. "माझ्या पोशाखात सुताचा धागाच नाही. पोहायच्या कापडाला असा पीळ नसतो. हा नाडीचा धागा आहे. टोक उसवलंय. ज्यांची असेल त्यांनी आणून द्यावी, मी दोन टाके घालून देईन."

चिटणिसांचा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे निळ्या नाडीला झिपऱ्या लोंबत होत्या.

आधी बेडकी हसली. मग शिट्टीबाई. मग सगळा काठ.

"अरे," कासवआजी म्हणाल्या, "लहानपणी मीच तुला पाण्यात ढकललं होतं. तेव्हापासून बघतेय, गुडघ्याच्या वर तुझी चड्डी कधी आली नाही. का रे?"

चिटणीस पुटपुटले, "माझे पाय... काड्यांसारखे आहेत, आजी. लोक हसतात."

"म्हणजे तुलाही झाकायचंय! मग तिने काय घोडं मारलंय?"

चिटणीस एकदा आजींकडे, एकदा शिवणताईकडे बघत राहिले. मग स्वतःच हसले आणि दारावरचा कागद काढून आणला. त्याच्या मागेच नवा नियम लिहिला: "पोशाख पोहण्याच्या कापडाचा आणि धुतलेला असावा. किती लांब असावा, ते ज्याचं त्याने ठरवावं."

"पण मग माझी बर्म्युडा?" लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "ती तर सुती आहे!"

"माझ्याकडे कापड उरलंय," शिवणताई म्हणाली. "गुडघ्याखाली किती बोटं हवी ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत निथळत होते. शिवणताई पाण्यात उतरली. चार हात राहिले तेव्हा तिचे पाय थांबले. काठावरून बेडकी ओरडली, "आई, मशीन!" आणि पाणी असं उसळलं की काकांनी खिडकी लावून घेतली. ती पोचल्याचं मला शिट्टीबाईंच्या लांबलचक शिट्टीवरून कळलं.

आता माझी कड वाकली आहे. काका म्हणतात, पुढच्या महिन्यात प्लॅस्टिकची जाळी येणार. येऊ दे. माझी एकच विनंती आहे. पाण्यात उतरण्याआधी आंघोळ करा, केस बांधा, आणि माझ्या नावावर काही खपवण्याआधी माझं झाकण एकदा उघडून बघा.

निळे धागे आता येत नाहीत. केस मात्र येतातच, आणि पोटात आल्यावर कुणाचे कुठले ते मलाही सांगता येत नाही. वर चिटणीस आणि शिवणताई शेजारशेजारच्या रांगांत पोहतात. दोघांचंही निळं कापड एकाच ताग्यातलं आहे.