मोठीमायची टिनं

“मोठीमाय, आपल्या टिनावर कोनी चढून राहिलं व!”

मी ओरडले तेव्हा शकू मोठीमाय चुलीपुढे चहा गाळत होती. वर धाडकन पाय पडला. टिनावरचा आवाज ज्याच्या डोक्यावर टिन आहे त्यालाच ओळखू येतो. मांजरीचा वेगळा, माकडाचा वेगळा, आणि हा तर चांगला बुटांचा होता. वरून काजळी पडली ती थेट चहात.

मोठीमायने पातेलं खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, “माकडं बूट घालून येत नाईत.”

आम्ही बाहेर आलो. भिंतीला बांबूची शिडी टेकवलेली. वर दोन पैलवानी गडी, हातात खिळे उपटायची सब्बल. खाली रवींद्र उभा, पांढरी पँट वर दुमडून, चिखलातून बूट वाचवत.

हा रवींद्र कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोट्टी मधूनच सुरू झाली.

शकू मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. पांढुर्ण्यात आमच्या वस्तीच्या टोकाला, सडकेच्या कडेला तिचं घर. दारातच डबराचा, मोठ्या दगडांचा ढीग. ठेकेदाराचा ट्रॅक्टर डबर टाकून जातो, मोठीमाय हातोडीने फोडून त्याची गिट्टी, सडकेची खडी करते, ठेकेदार पेटीने मोजून नेतो. सावनेरपासून सौंसरपर्यंत ज्या ज्या सडकेवरून तुमची एसटी गेली असेल तिच्याखाली थोडीफार माझी मोठीमाय आहे, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगते. पोरी हसतात. हसू द्या.

भाऊराव मोठेबाबा मी पाळण्यात असतानाच गेले. तेव्हा घर मातीचं होतं, वर कवेलू, मातीची कौलं. झडीत रात्री भिंत बसली आणि ते खाली सापडले. मोठीमायने हातांनी माती उकरून त्यांना काढलं, पण ते गेलेच होते. त्यानंतर तिने लुगडं घेतलं नाही, चांदी घेतली नाही, गिट्टीच्या मजुरीतून फक्त टिनं घेतली. एक आलं की ठोकायचं, मग दुसऱ्याची वाट पाहायची. सगळं छप्पर झालं तेव्हा ती पहिल्यांदा पावसात गाढ झोपली, असं माझी आई सांगते.

आता रवींद्र.

सत्त्याऐंशी साली आमच्या बाजारात काचेच्या दाराचं दुकान उघडलं. पंखे, मिक्सर, रेडिओ, टीव्ही. रिक्षावर भोंगा लावून दिवसभर एकच: “कार्ड बनवा, भेटवस्तू न्या! नगद पैशाची गरजच नाही!” आठवडी बाजाराच्या दिवशी मी आणि मोठीमाय मिरच्या घेऊन तिथून जात होतो, तर त्या दुकानाचा रवींद्र आडवाच आला.

“या ना मावशी! पाहाले काय पैसे पडते?”

“मले काई घ्याचं नाई बाप्पा.”

“घ्याचं कोन म्हणते? बसा फक्त. ए, मावशीले खुर्ची दे! थंडा आण!”

आणि मिरच्यांची पिशवी तिच्या हातून काढून काउंटरच्या मागे ठेवून दिली. ‘जपून ठेवतो’ म्हणे! पिशवी आत, मग माणूस जाईल कुठे? पण खरी गोष्ट खुर्चीची. गादीची खुर्ची होती. मोठीमाय टेकली न टेकली अशी बसली, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला तिला ओढून न्यावंसं वाटेना. ठेकेदार तिला उभी ठेवून मजुरी देतो, दवाखान्यात ती फरशीवर बसते, आणि इथे पांढऱ्या पँटीतला माणूस तिला ‘सोडा घ्या’ म्हणत होता.

“हे कार्ड म्हणजे फक्त मान हाय मावशी. दुकानात तुमचं नाव राहते. बस, अंगठा लावा अन् बादली घेऊन जा. फुकट.”

“मी वाचते,” मी कागद ओढला. “नववीत आहे मी.”

“वा! पहिली येते काय?” त्याने कागद परत ओढला. “मग मोठ्यांच्या मधात बोलू नोको.”

मोठीमायने अंगठा लावला. कागदावर काळा गोळा उमटला, नुसता. रवींद्रने पुन्हा शाई लावली, पुन्हा दाबला. पुन्हा गोळाच.

“अरे, रेषाच नाई आल्या!”

मोठीमाय ओशाळली. अंगठा लुगड्याला पुसत म्हणाली, “दगडानं खाल्ल्या बाप्पा.”

रवींद्रने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचाच अंगठा शाईत बुडवून ठप्पकन मारला. “चालते. माहा काय, तुमचा काय.” मग पिशवी परत मिळाली, आणि लाल प्लास्टिकची बादली. चकचकीत कार्ड त्याने स्वतःपाशीच ठेवून घेतलं, ‘साहेबाची सही बाकी हाय’ म्हणून.

पावसाळा लागताच त्याचा माणूस दारात. ‘शकुबाईच्या कार्डावर टेबलफॅन आणि मिक्सर गेला आहे, हप्ता काढा.’ मोठीमायला आधी हसूच आलं. ती तशीच दुकानात गेली, मीही मागे.

“माह्या घरी बिजलीच नाई! मिक्सर काय चुलीत घालू?”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. बस, तेवढ्याने रवींद्रचा ‘मावशी’ संपला. त्याने दारावरच्या माणसाला खूण केली. त्या माणसाने मोठीमायला दंडाला धरून काचेच्या दारातून बाहेर ढकललं. पायरीवर तोंड आपटलं, ओठ फाटला, एक दात तिथेच पडला. मी त्या माणसाच्या मनगटाला चावले. चांगली चावले. त्यानेही मला चांगली ठेवून दिली.

तशाच रक्ताच्या पदराने आम्ही ठाण्यात गेलो. ठाण्याचा कारभार आमच्याकडे हिंदीत. रपट लिहिणाऱ्या मुन्शीजीने मान वर न करता विचारलं, “कार्ड पे नाम किसका है?”

“माहं हाय, पन...”

“तो फिर तू ही भरेगी. जाओ.”

बाहेर रवींद्र सायकल धरून उभाच होता. “भरा मावशी. नाईतं टिना काढून नेऊ. चांगल्या हायत तुमच्या टिना.”

आणि आला तो नेमका गोटमारीच्या दिवशी.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. या काठी पांढुर्णा, त्या काठी सावरगाव, आणि मधून गोटे. झेंडा काढायला जो नदीत उतरला त्याच्यावर तर पाऊसच. डोकी फुटतात, दात जातात, कधी जीवही. पण त्या दिवशीच्या गोट्याची फिर्याद कोणी करत नाही. सावरगावच्या मामाने पांढुर्ण्याच्या भाच्याचं डोकं फोडलं, तरी दुसऱ्या दिवशी मामाच हळद घेऊन पाहायला येतो. पोलीस सगळे नदीवर, वस्ती सगळी नदीवर. माझे आईबाबाही. मोठीमाय तेवढी कधीच जात नाही. “वर्षभर गोटेच पायते मी, आणखी काय पाहू?” म्हणते. म्हणून मी तिच्याजवळ थांबले होते.

वस्ती रिकामी, ठाणं रिकामं. रवींद्रने दिवस बरोबर हेरला होता.

“खाली उतर रे,” मोठीमाय वर पाहून म्हणाली.

“तमाशा करू नोका,” रवींद्र म्हणाला. “कार्डावर अंगठा हाय तुमचा.”

मोठीमायने अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. “हा? पाह्य, नीट पाह्य. माही पाटी कोरी हाय. तो अंगठा तुहा हाय, तं जाय, तुह्याच घरच्या टिना काढ.”

वरचे दोघं खिदळले. रवींद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने फाडकन तिच्या तोंडात मारली. त्याच फाटून सांधलेल्या ओठावर. “म्हातारे, लय झालं तुहं! काढा बे!”

खिळा किंचाळत उपटला. टिन सरकलं, घसरलं, पन्हळीवरून खाली यायला लागलं. आणि मोठीमायने काय करावं? बाजूला व्हायचं सोडून ती दोन्ही हात पसरून धावली. वाकेल ना टिन पडलं तर! तिने ते झेललं. झेललंच. टिनाच्या धारेने उजवा तळहात अंगठ्याच्या मुळापासून उभा उघडला. मला आतलं पांढरं दिसलं, मग एकदम लाल. टिन तरीही भिंतीवर आपटून मधोमध वाकलं.

नदीकडून मोठी आरोळी उठली.

मोठीमायने त्या आरोळीकडे कान दिला. हातातून धार लागली होती. तिने डाव्या हाताने ढिगातला एक गोटा उचलला आणि अगदी शांतपणे विचारलं, “आज कोनता दिवस हाय रे, रवींद्र?”

त्याला उमजेपर्यंत गोटा त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. कट्ट झालं. दुसरा कपाळावर. पांढऱ्या पँटीवर रक्ताची पहिली चिळकांडी उडाली आणि माझ्या अंगात जे काय संचारलं ते मी सांगूच शकत नाही! मीही गोटा उचलला. माझा पहिला मोठीमायच्याच दाराला लागला. दुसरा मात्र टिनावरच्या एकाच्या गुडघ्यावर. तो “माय व!” करत घरंगळला आणि थेट डबरावर पडला. पाय नको तिकडे वळलेला. गुरासारखा ओरडायला लागला. दुसरा शिडीकडे धावला, पण मी खो-खोची कप्तान आहे. तो कडेला येईपर्यंत शिडी माझ्या हातात होती.

“ए पोट्टे, शिडी लाव!”

“हात लावून पाह्य, शिडीनंच मारीन!”

रवींद्र पळायला गेला, तर डोळ्यांत रक्त. गिट्टीवर पाय घसरून उताणा पडला. मोठीमाय त्याच्यापाशी पोचली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत डबर होता, फोडायचा राहिलेला, सगळ्यात मोठा. तो तिने त्याच्या डोक्यावर उचलला.

आतापर्यंत मी ओरडत होते, हे मला तेव्हा कळलं.

डबरावरून तिचं रक्त ओघळून त्याच्या तोंडावर टपकत होतं. तो म्हणाला, “मावशी.” परत म्हणाला, “मावशी.” वरचा माणूस टिनावर उकिडवा बसून खाली पाहत होता.

“भाऊराव बी असाच आवाज देऊन राहिला होता,” ती म्हणाली. “मातीच्या खालून.”

आणि डबर तिने त्याच्या कानाशेजारी टाकला. गिट्टी उडाली.

“ऊठ. बस.”

“कुठी?”

“मले खुर्ची देल्ली होती ना तूनं? हे माही खुर्ची. बस तिथी.”

पांढऱ्या पँटीतला रवींद्र डबराच्या ढिगावर बसला, कपाळ दाबून, अगदी टेकला न टेकला असा. मोठीमायने हाताला पदर गुंडाळला आणि वरच्याला म्हणाली, “बाकीच्या टिनांचे उपटलेले खिळे ठोक. सगळे. गळलं तं शिडी भेटणार नाई.”

त्याने ठोकले. आम्ही खालून गोटे घेऊन उभ्या. शेवटी मी शिडी लावली. तो उतरला, मोडक्या पायाच्या सोबत्याला पाठीवर घेतलं आणि निघाला. रवींद्र मागे मागे. जाता जाता म्हणाला, “ठाण्यात भेटू.”

भेटलाही. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी, हात गळ्यात अडकवलेला. आम्हालाही बोलावणं आलं. ठाण्यात गोटमारीवाले आणखी बरेच पट्टीवाले बसलेले, एकमेकांना बिड्या देत. मुन्शीजीने या वेळी मान वर केली, रवींद्रकडे पाहिलं.

“पत्थर किस दिन लगा?”

“कल.”

“कल?” मुन्शीजीने सगळ्या पट्ट्यांकडे हात केला. “तो इन लोगों की रपट कौन लिखेगा? तेरी अकेले की लिखूँ?”

ठाण्यातले सगळे पट्टीवाले एकदम हसले. हसताना कोणाचे टाके दुखले, तोही हसत ओरडला. रवींद्र जो गेला तो मोठीमायच्या दारात परत आला नाही. काचेचं दुकानही दिवाळीनंतर उठून कुठे गेलं, कोणाला ठाऊक नाही. मी तर शाळेत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की पोरी आता शिडीच्या आधीच टाळ्या वाजवतात.

पुढचं मी शाळेत सांगत नाही.

डॉक्टरने मोठीमायच्या हाताला टाके घातले. जखम भरली, पण बोटं मिटेनात. हातोडीचा दांडा त्या हातात राहतच नाही. ठाण्यातून आलो त्याच संध्याकाळी ती दारातले विखुरलेले गोटे डाव्या हाताने गोळा करत होती. ठेकेदाराचा माल, कमी भरला तर तो पेटीमागे कापेल. ज्यांना रक्त लागलं होतं ते तिने त्या लाल बादलीत पाणी घेऊन धुतले आणि ढिगावर परत ठेवले. मी म्हटलं, “मी करते व.” तर म्हणाली, “तू अभ्यास कर.”

वाकलेलं टिन सरळ झालंच नाही. तिथे पोतं लावलंय. पाऊस आला की त्याच्याखाली बादली असते.

मी शाळेत त्याच सडकेने जाते. पूर्वी वळणावरूनच हातोडी ऐकू यायची, ठक्, ठक्, आणि मी तिच्या ठेक्यावर पावलं टाकत चालायची. आताही ऐकू येते. एक ठोका पडतो. मी चालत राहते, घर जवळ येतं, ढीग दिसतो, ढिगावर वाकलेली, डाव्या हातात हातोडी धरलेली मोठीमाय दिसते. मग दुसरा पडतो.