अस्वलाचं डोकं

“साहेब, पोटात चपलीचा तुकडा हाये.”

हिरालालने चिमट्यात धरलेलं काळं रबर डॉक्टर भुपेंद्रांपुढे केलं. अड्याळजवळच्या जंगलात, नाल्याच्या रेतीवर पसरलेल्या ताडपत्रीवर अस्वलाची मादी उताणी पडली होती. आदल्या सकाळी तिने मोहफुलं वेचणाऱ्या शकुनबाईचा गाल आणि खांदा फाडला होता. आज ती स्वतःच मरून पडलेली सापडली. कातडं उघडलं की अस्वल माणसासारखं दिसतं. दोन नवे वनरक्षक पाठ फिरवून उभे होते.

हिरालाल पशुवैद्यकीय दवाखान्यातला परिचर. एकतीस वर्षांत डॉक्टर बदलत गेले, सुरी मात्र त्याच्याच हातात राहिली. वाघ, बिबटे, तडस, अस्वलं, सगळी त्याने उघडली होती. अस्वलाची मूत्रपिंडं सीताफळासारखी गाठीगाठींची असतात, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. एकदा एका नव्या डॉक्टरने वरचे मधले दोन दात नाहीत म्हणून अस्वल म्हातारं असल्याचं लिहायला घेतलं, तेव्हा यानेच हळूच सांगितलं होतं, “ते दोन दात याले नसतेच साहेब. त्या फटीतून ते वाळवी ओढते.” डॉक्टरने खोडून पुन्हा लिहिलं. कुठल्याच अहवालात हिरालालचं नाव मात्र कधी आलं नाही.

“माती, कचरा असतोच रे पोटात,” भुपेंद्र म्हणाले. “वारुळं उकरून खातात ती.”

“वारुळाची माती असती तं वाळवीची डोकी दिसली असती जी. हे पाहा, लाकूड, चिंध्या, रबर. मोहाचा हंगाम हाये आन् पोटात एक फूल नाही. बाई टोपलं टाकून पळाली, तरी ही मागं धावली. तोंडाले पाहा कसा फेस सुकला.” त्याने आवाज खाली आणला. “पिसाळली होती साहेब. तुमीच सांगतलं होतं ना, कुत्रा आन् अस्वल एकाच बुडातून फुटले म्हनून? मंग कुत्र्याचा रोग हिले काहून नाही होनार?”

भुपेंद्र वाकून तो फेस पाहू लागले. त्यांना पटलं होतं, हे हिरालालला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण खात्री करायची तर कवटी कापायला आरी हवी होती, मेंदू ठेवायला बर्फ हवा होता, तो नागपूरला पोचवायला गाडी हवी होती. तिथे यातलं काहीच नव्हतं. वरून वनखात्याचा साहेब घाई करत होता.

“विष आहे का, करंट आहे का, तेवढं सांगा डॉक्टर. लोक जमायला लागले.”

“तशी खूण नाही काही.”

“मग आटपा.”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. “हिरालाल, हे बाहेर बोलायचं नाही. पुरावा नसताना चार गावांत घबराट नको. नोकरीचं वर्षच उरलंय ना तुझं?”

चार वाजता चिता पेटली. अस्वल डोक्यासकट जळलं.

हातमोजा काढताना हिरालालला दिसलं, अंगठ्याजवळ रबर फाटलं होतं आणि आत बारीकसा ओरखडा होता. त्याने साबणाने हात किती तरी वेळ धुतला. दुसऱ्या दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन कुत्रा चावल्यावर देतात ती सुई घेतली. नंतरच्याही सगळ्या घेतल्या, एकही तारीख चुकवली नाही.

दुसऱ्या सुईच्या दिवशी वॉर्डात शकुनबाई दिसली. अर्ध्या चेहऱ्याला टाके होते. शेजारी तिचा नवरा नत्थू बसला होता.

“सुया पुऱ्या घ्या जी,” हिरालाल त्याला म्हणाला. “एकबी सोडू नोका.”

“काहून जी? तुमीच चिरलं ना त्या अस्वलाले? काही निघालं का?”

हिरालालने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

“नाही जी. असंच सांगून राहिलो.”

टाके निघाले आणि नत्थूने बायकोला घरी नेलं. ‘नैसर्गिक मृत्यू, रोगाचं लक्षण आढळलं नाही,’ असा अहवाल आल्याचं वनरक्षकाने गावात सांगितलं. दवाखाना लांब, मोहाचा हंगाम चार दिवसांचा. जखम सुकली होती. दोन सुयांनंतर शकुनबाई गेली नाही.

हल्ल्यानंतर सव्विसाव्या दिवशी तिने पाण्याचा गिलास हाताने लोटून दिला. त्यानंतर ती तीन दिवस जगली.

मग सगळे धावले. गावभर सुया टोचल्या गेल्या. भुपेंद्र दवाखान्यात कागद पुढे-मागे करत म्हणाले, “आपल्याकडे पुरावा नव्हता, हिरालाल.”

“होता साहेब,” हिरालाल म्हणाला. “आपुन जाळला.”

एकतीस वर्षांत साहेबाला दिलेलं ते त्याचं पहिलं उलट उत्तर.

तेराव्यानंतर हिरालाल नत्थूच्या घरी गेला. सून उर्वशीने खाट टाकली, चहा आणून ठेवला. नत्थू भिंतीला टेकून बसला होता. त्याने सरळ विचारलं.

“तुमाले मालूम होतं?”

“हो.”

“मंग त्या दिवशी मी इचारलं तं कायले नाही सांगतलं?”

“नोकरीले भेलो.”

“आन् तुमी तिथं कायले आले होते?”

हिरालालने अंगठा मुठीत घेतला. “सुई घ्याले.”

“पुऱ्या घेतल्या?”

“पुऱ्या घेतल्या.”

नत्थू ओरडला नाही. शिवीही दिली नाही. त्याने आत हाक मारली, “उर्वशी, याइले एस्टीची वेळ सांग.”

“दोन वाजता हाये जी,” ती म्हणाली.

अकराही वाजले नव्हते. हिरालालने चहा तसाच ठेवला, हात जोडले आणि निघाला. उन्हात चालत फाट्यावरच्या शेडमध्ये पोचला. बाकावर एक म्हातारी बसली होती.

“कोनाकडं आले होते, बाबू?”

“शकुनबाईकडं.”

म्हातारीने पदर सारखा केला आणि सरकून त्याला बसायला जागा दिली. हिरालाल बसला नाही. एस्टी येईपर्यंत तो खांबाला धरून उभाच राहिला.